पुढच्याने ओरडायचं

दिनू गेल्याचा फोन सकाळी आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. गालावरचा साबण तसाच ठेवून मी फोन घेतला. पलीकडून त्याचा मुलगा म्हणाला, "काका, बाबा गेले... झोपेतच." कधी, कसे, असं जे विचारायचं असतं ते मी विचारलं, निघतोच म्हणालो आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही. सुटलो, असं वाटलं. शाळेपासूनचा मित्र गेला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता त्याला ते सांगावं लागणार नाही. मग मी आरशासमोर जाऊन उरलेली दाढी केली. या गोष्टीला आज सात आठवडे झाले, आणि सुटलो वगैरे काही नाही हे माझ्या चांगलंच ध्यानात आलं आहे.

आम्ही दोघं मलकपेठचे. माझे वडील निजाम सरकारच्या महसूल खात्यात, त्याचे वडील शाळामास्तर. रेसकोर्सच्या मागून तेव्हा एक मातीची गाडीवाट निघायची. ती सरूरनगरच्या तलावाच्या बांधावरून पुढे ताडाच्या झाडांत आणि खडकांच्या टेकड्यांत शिरायची. आज तिथे कॉलन्या झाल्यात, आणि त्या कॉलन्यांत राहणाऱ्यांना मी हे सांगितलं तर ते माझ्याकडे बघून नुसते हसतात. दर शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, आम्ही सायकली घेऊन त्या वाटेला लागायचो. सायकल ही कचेरीत जायची वस्तू. ती घेऊन कोणी मुद्दाम दगडधोंड्यांत जातं, हे घरच्यांच्या समजुतीपलीकडचं होतं. चिखल अडकू नये म्हणून आम्ही मडगार्ड काढून सीताफळीच्या झुडपात लपवायचो आणि येताना परत बसवायचो. टायर फाटला तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावायचा, कारण त्या दिवसांत नवा टायर औषधालाही मिळत नव्हता. माझी आई म्हणायची, "अरे, चांगली सडक असताना तिकडं कायकू मरायला जाता?" त्यावर दिनू म्हणायचा, "काकू, सडकेवर काय होतंय? काहीच होत नाही!"

वाट एका सायकलीपुरतीच. मागच्याला पुढच्याची पाठ सोडून काही दिसायचं नाही. म्हणून आमचा एक नियम होता, आणि नियम म्हणावा असा तो एकच... पुढच्याने ओरडायचं. "गड्ढा!" "काटा!" समोरून बैलगाडी आली तर "बंडी!" आणि मागच्याने ते ऐकून, काही न विचारता, हँडल वळवायचं. ब्रेक दाबायचा नाही. पुढच्यावर भरवसा नसेल तर मागे यायचंच नाही, असं दिनूचं म्हणणं होतं. लहानपणी त्याचा डावा कान फुटायचा, कापसाचा बोळा घालून तो शाळेत यायचा. पण ते मागेच बरं झालं होतं, आणि मी कितीही हळू ओरडलो तरी त्याला ऐकू गेलं नाही असं तोवर एकदाही झालेलं नव्हतं.

अठ्ठेचाळीस सालचा श्रावण. शहरातलं वातावरण बिघडलेलं होतं, ओळखीची घरं एकेक करून रिकामी होत होती, आणि रेसकोर्सच्या पुढे पाऊल टाकायचं नाही अशी दोघांनाही घरून ताकीद होती. आम्ही गेलोच. तलावाजवळ पाणी पिताना दिनू सहज म्हणाला, "आठ दिवसांत आम्ही सोलापूरला चाललो बघ. मामा बोलवायलेत." मी विचारलं, "आणि आम्ही?" तो हसला. "तुमचं काय बाबा! तुम्ही सरकारातली माणसं. तुम्हाला कोण हात लावतंय?" त्याच्या मनात काही नसेल. पण माझे वडील रात्र रात्र झोपत नाहीत हे मला दिसत होतं. नोकरी सोडता येत नव्हती आणि गल्लीतले लोक त्यांच्याशी पूर्वीसारखं बोलत नव्हते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सायकलवर बसलो आणि पुढे झालो. तो मागे होताच.

शेताच्या एका बांधावरून आमची वाट जायची. आदल्या आठवड्याच्या पावसात तो बांध मध्येच फुटला होता, हातभर रुंद आणि चांगला खोल. मला तो लांबूनच दिसला. उजव्या कडेला थोडी जागा होती, तिथून मी सायकल काढली. ओरडायला किती वेळ लागतो? एक शब्द. तो माझ्या तोंडात आला होता, आणि मी तो गिळला. पडू दे, असं माझ्या मनात आलं. अगदी याच शब्दांत. गुडघा खरचटेल, जरा जिरेल, एवढंच मला हवं होतं. आयुष्यभर कोर्टात दुसऱ्यांचे हेतू उलगडत बसलेला मी वकील आहे, तेव्हा स्वतःचा हेतू माहीत नव्हता असं म्हणण्याची सोय मला नाही.

मागे धाडकन आवाज झाला. दिनू खाली दगडांत पडला होता, खांदा विचित्र वाकलेला, चेहरा पांढराफटक. बैलगाडी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याने त्याला उचलून गाडीत घातलं. गाडी हाकता हाकता त्याने विचारलं, "कैसे गिरे बावा? सामनेवाला बोल्या नै क्या?" मी खाली बघत होतो. दिनू कण्हत कण्हत म्हणाला, "बोल्या होंगा चाचा... मैंच नै सुन्या."

ते खोटं आधी त्याने मला दिलं. घरी आल्यावर सगळ्यांसमोर माझ्या वडिलांनी विचारलं, "तू पुढे होतास ना? मग ओरडला का नाहीस?" मी म्हणालो, "ओरडलो की! त्यालाच ऐकू गेलं नाही." दिनूची आई कपाळाला हात लावून म्हणाली, "मेला तो कान! मला वाटलं होतं बरा झाला." खांद्याचं हाड मोडलं होतं. हात दीड महिना गळ्यात, त्यामुळे सोलापूरला जाणं लांबलं आणि मग राहूनच गेलं. मी रोज त्याच्या उशाशी बसायचो, आणि तो गेला नाही याचा मला आनंद होत होता. सप्टेंबरात पोलिस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, सगळे आनंदाने रस्त्यावर आले, दिनूची आई म्हणाली की देवानेच आम्हाला इथे ठेवलं. मी मान डोलावली.

हाड बरोबर जुळलं. कानाचं काही जुळलं नाही. आपला डावा कान कमी आहे हे दिनूने त्या दिवशी मान्य करून टाकलं, आणि तेव्हापासून तो माणसाला नेहमी उजवीकडे घ्यायला लागला. त्याला रेल्वेत गार्ड व्हायचं होतं. दोन-एक वर्षांनी जागा निघाल्या तेव्हा त्याने अर्ज केला, बोलावणं आलं आणि शरीर तपासणीसाठी आम्ही दोघं सायकलवर सिकंदराबादला गेलो. फाटकाशी तो थांबला. "माधव, कान तपासतात रे इथं. नापास होऊन घरी काय सांगू? नक्को बाबा, चल." माझ्यापुढे तो उभा होता आणि मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की तुझा कान ठीक आहे, आत जा. मी म्हणालो, "बघ बुवा, तुझं तू." आम्ही परत आलो.

तो मास्तर झाला. वर्गात म्हणायचा, "मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं." त्यामुळे म्हणे लाजरी पोरं बोलती झाली. ही गोष्ट मला अनेकांनी कौतुकाने सांगितली आहे. ऐकून मला बरं वाटत नाही.

सुट्टीच्या दिवशी आम्ही पुढेही बरीच वर्षं त्या वाटांवर जात राहिलो. एकदा टेकडीपाशी त्याच्या सायकलचं चाक बसलं. जवळपास पाणी नव्हतं, म्हणून त्याने ट्यूब काढून थोडी हवा भरली आणि पंक्चर कुठे आहे ते ऐकायला ती कानाशी धरून फिरवायला लागला. उजव्या हातात पंप होता. ट्यूब डाव्या हातात, डाव्या कानाशी. "सापडलं," म्हणाला, "हे बघ, बारीक काटा!" मला सुईएवढाही आवाज आला नव्हता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याच्या ध्यानात काहीच आलं नाही, तो ठिगळ घासत बसला... त्याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळाली नाही. मी सोल्युशनची नळी त्याच्या हातात दिली.

आता शेवटचं. महिन्यापूर्वी आमच्या मराठी ग्रंथालयात शोकसभा झाली. जुने विद्यार्थी आले होते, मास्तरांच्या कानाच्या गोष्टी निघाल्या, लोक डोळे पुसत हसले. मला बोलायला उभं केलं. लहानपणचं काहीतरी सांगा, म्हणाले. आणि मी, सत्तरी ओलांडलेला माणूस, माइक हातात धरून म्हणालो, "मी खूप ओरडलो हो, पण आमच्या दिनूला ऐकूच गेलं नाही!" सगळे हसले. खाली बसल्यावर मला कळलं, की हे विचारणारं आता कोणी नव्हतं, तरी मी सांगितलं.

चार दिवसांनी दिनूच्या बायकोला, शालिनीवहिनींना भेटायला त्यांच्या नामपल्लीच्या घरी गेलो. दिनूची वेताची खुर्ची खिडकीशी होती. वहिनींनी माझ्यासाठी स्टूल आणलं आणि न बघता त्या रिकाम्या खुर्चीच्या उजव्या बाजूला ठेवलं. चहा देताना म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला बोलले नव्हते. गेल्या वर्षी मुलानं त्यांना कानाचं मशीन लावायला म्हणून डॉक्टरकडं नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान सारखेच आहेत, डाव्याला कमी ऐकू यावं असा बिघाड कधी नव्हताच. घरी येऊन दिवसभर बोलले नाहीत बघा. संध्याकाळी मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, 'त्या दिवशी उलटा वारा असेल गं. माधव तर ओरडला होता.'" मग त्यांनी मला विचारलं, "होता का हो वारा?"

मी म्हणालो, "असेल, वहिनी. इतक्या वर्षांचं आता काय आठवतंय..." आणि चहा अर्धा टाकून उठलो.

वहिनी, हा रविवारचा पेपर तुमच्याकडे येतो आणि तुम्ही तो शेवटच्या पानापर्यंत वाचता, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी वारा नव्हता. ताडाचं एक पानसुद्धा हलत नव्हतं. मी ओरडलोच नाही.