चूल मांडण्याजोगी जागा

"इथं चूल मांडता येईल," असं ताई म्हणायच्या. त्याआधी त्यांची एक ठरलेली कृती असे. चालता चालता थांबायचं, मान जरा वर करून वारा कुठून येतोय ते गालावर घ्यायचं, टाचेने जमीन दाबून बघायची आणि मग, कुणालाच उद्देशून नाही असं, ते वाक्य. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या कुणी पंखा शोधतं, कुणी दार. ताई चुलीची जागा शोधत.

अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगासाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत त्या डिस्पॅचला होत्या आणि मी लॅबमध्ये. एकदा जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी गोदामामागच्या पिंपळाखाली उभ्या होतो. पलीकडे ठिणगीने पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटचे ड्रम रचलेले. ताईंनी टाच दाबली आणि आपलं वाक्य उच्चारलं. नेमके सेफ्टी ऑफिसर मागून येत होते. त्यानंतर बरेच दिवस ते बिचारे रोज दुपारी त्या पिंपळाला एक चक्कर मारून जात.

ताईंचं लग्न झालेलं नव्हतं. बदलापूरला मांजर्लीत धाकट्या भावाकडे त्या राहत. भाऊ सरकारी कचेरीत होता, शिस्तीचा, कमी बोलणारा, पण बहिणीला कधी उलट शब्द न बोललेला. भावजयही चांगली होती. हॉलमधला दिवाण ताईंचा. म्हणजे टीव्ही बंद झाला, पाहुणे उठले की मग ताईंचा. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. रविवार उजाडला की मात्र त्या घरात सापडायच्या नाहीत.

बदलापूरच्या मागे मलंगगडापासून चंदेरीपर्यंत डोंगरांची रांग गेली आहे. आपण ती गॅलरीतून बघतो, पाहुण्यांना दाखवतो आणि आत जातो. ताई तिथे जात. एकट्याच. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात भाकरी, पाण्याची बाटली आणि आगपेटी. कुठल्याही ग्रुपमध्ये त्या नव्हत्या, सुळक्यावर चढायची हौस नव्हती, फोटोही काढत नसत. मी एकदा विचारलं, मग तुम्ही तिथे करता काय? त्या म्हणाल्या, हिंडते. पुढे विचारलं तर म्हणाल्या, ये एकदा.

मी गेले, आणि मग पुष्कळदा जात राहिले. एका भाद्रपदात आम्ही चंदेरीच्या पोटातल्या पठारावर असताना धुकं उतरलं. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. माझा जीव घाबरा झाला. एका बाजूला दरी आहे हे मला ठाऊक होतं, फक्त कुठल्या बाजूला ते ठाऊक नव्हतं. ताईंनी मला दंडाला धरून खाली बसवलं, माझ्या हातात भाकरीचा तुकडा दिला आणि म्हणाल्या, "धुकं पण दमतं गं. बसून राहायचं."

त्या बसण्यात त्यांनी मला आपलं लहानपण सांगितलं. वडील फॉरेस्ट गार्ड. मुरबाड, शहापूर, जव्हार, जिकडे बदली होईल तिकडे आई, वडील, ताई आणि धाकटा भाऊ. रानातली चौकी, पत्र्याचं छप्पर, पाणी ओढ्याचं. नव्या चौकीवर सामान उतरलं की आई आधी ताईंना पुढे पाठवायची, चूल कुठं मांडायची ते बघून ये म्हणून. वारा भलतीकडून आला तर धूर घरात भरतो, जमीन ओली असली तर जाळ धरत नाही. ते काम ताईंचं. दोन-तीन वर्षं झाली की पुन्हा ट्रक, पुन्हा नवीन रान. वडिलांचं मूळ गाव होतं, पण तिथलं घर चुलत्यांनी कधीच पाडून नवं बांधलं होतं. "लोक विचारतात, तुमचं गाव कुठलं," ताई म्हणाल्या. "मला पटकन सांगता येत नाही. मग मी बदलापूर सांगते."

धुकं खरंच दमलं. दुपार उलटून गेल्यावर ते विरलं आणि दरी जिथे असेल असं मला वाटत होतं, तिथे एक म्हैस चरत उभी होती.

पुढे भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. फ्लॅट दोन खोल्यांचा. ताईंना कुणी जा म्हटलं नाही. त्यांनीच एके दिवशी सांगितलं की मी चिखलोलीला खोली बघितली आहे. भाऊ दोन दिवस जेवला नाही म्हणे, पण अडवायला त्याच्याकडे दुसरी खोली नव्हती. चिखलोलीची जागा अकरा महिन्यांनी सोडावी लागली, मालकाच्या मुलाला हवी होती. मग खरवई. तिथल्या सोसायटीत एकट्या बाईला घर कशाला हवं, याची चौकशी चौघांनी चार वेळा केली. सामान हलवायला मी गेले होते. टेम्पोवाला म्हणाला, बस इतनाच सामान? मैं तो रिक्षा में ले आता.

नव्या खोलीत गेल्यावर ताई खिडकीशी उभ्या राहिल्या. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. मी वाट बघत होते त्यांच्या वाक्याची.  त्यांनी गॅस जोडला आणि चहा केला.

निवृत्तीनंतर त्यांचे सगळेच वार रविवार झाले. आणि त्यातच एकदा त्या पडल्या. सुकलेल्या ओढ्यातून उतरताना दगड निसटला आणि नडगीचं हाड मोडलं. फोनला रेंज नाही. ऊन कलेपर्यंत त्या तशाच पडून होत्या. लाकडं गोळा करायला आलेल्या एका ठाकर म्हातारीला त्या दिसल्या. म्हातारीने आधी त्यांना पाणी पाजलं, मग वाडीत जाऊन माणसं आणली. रात्र वाडीतच गेली. सकाळी चार जणांनी झोळी करून त्यांना डांबरी रस्त्यापर्यंत आणलं.

भावाने त्यांना परत मांजर्लीला नेलं, पुन्हा त्याच दिवाणावर. मी भेटायला गेले त्या दिवशी दारात ती म्हातारी उभी. वाडीपासून विचारत विचारत आली होती. पदरात रताळी बांधलेली. भावजयीने तिला खुर्ची दिली, ती फरशीवरच बसली. चहा प्यायली, पायाच्या प्लास्टरवर टिचकी मारून बघितलं आणि घरावरून नजर फिरवली.

"हा घर तुजा का?" तिने विचारलं.

"भावाचं," ताई म्हणाल्या.

"आन् तुजा कंचा?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. भाऊ आतल्या दाराशी उभा होता, तो तिथून हलला. म्हातारी पदरातली रताळी सोडत म्हणाली, "मंग आमचेकं ये. पडवी मोकलीच हाय."

आम्ही सगळे हसलो. असं काहीतरी लोक प्रेमाने बोलतातच. ताई तेवढ्या हसल्या नाहीत. चालता यायला लागल्यावर त्यांनी खरवईची खोली सोडली आणि वाडीत राहायला गेल्या.

भावाला हे फार लागलं. सख्खा भाऊ जिवंत असताना बहीण परक्याच्या पडवीत राहते, लोक मला काय म्हणतील, असं तो मला म्हणाला. त्यात राग होता आणि रागाखाली दुसरंही काही होतं. ताई सणावाराला मांजर्लीला येत. तो वाडीत कधी गेला नाही.

वाडीलाही त्या आधी नकोच होत्या. शहरातली बाई येते ती जमीन बघायला, असा त्यांचा अनुभव. इमारती खरवईच्या पुढे सरकत होत्या आणि रोज कुणी ना कुणी गाडीतून उतरून डोंगराकडे बोट दाखवत असे. असाच एक एजंट एकदा वाडीत आला. ताईंना अंगणात बघून त्याला वाटलं, हीही आपल्यातलीच. त्याने अदबीने विचारलं, "मॅडम, आपका कितना एकर हुआ?" ताईंनी मागे वळून बघितलं आणि म्हणाल्या, "एक पडवी." तो एजंट कुठल्या योजनेचं नाव असेल म्हणून विचारातच पडला. ही गोष्ट वाडीत घरोघर पोचली आणि त्यानंतर ताईंना कुणी काही विचारलं नाही. बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात जायचं असलं की मात्र माणसं त्यांना शोधत येऊ लागली.

मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. शेणाने सारवलेली पडवी, दोरीवर ताईंच्या दोन साड्या, कोपऱ्यात पिशवी. म्हातारीचा मुलगा वीटभट्टीच्या कामाला दूर असे, पावसाळ्यात तेवढा यायचा. एरवी या दोघीच. दिवसभर भांडत. म्हातारी मीठ जास्त घालते ही ताईंची तक्रार, आणि ही बाय रानातून रिकाम्या हातानं येते ही म्हातारीची. हिंडायचं म्हणून हिंडणं तिला मान्य नव्हतं. गेलीस तर काटक्या आण, करवंदं आण, निदान खबर आण. ताई मला म्हणाल्या, "बघ, या वयात मला कुणीतरी घरी लवकर ये म्हणून रागावतं." तक्रार करावी तशा म्हणाल्या, पण चेहऱ्यावर तक्रार नव्हती.

हिंडणं थांबलं नाही, पण मला एक फरक दिसला. पूर्वी त्यांना परतायची घाई नसे, कुठेही बसून राहत. आता सूर्य कलला की त्या पिशवी उचलत.

या वर्षी वैशाखात वाडीतून मला फोन आला. ताई रानातून आल्या, दम लागला म्हणून पडवीत आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. मी भावाला कळवलं. आम्ही दोघं रिक्षाने डांबरी रस्ता संपेपर्यंत गेलो आणि पुढे पायी. तो वाटेत एकच वाक्य बोलला. बदलापूरला नेऊ, गाडी सांगून ठेवली आहे.

पडवीत ताईंना घोंगडीवर ठेवलं होतं. वाडीतली सगळी माणसं अंगणात बसून होती. भावाने गाडीचं सांगितलं. कुणी विरोध केला नाही. म्हातारी म्हणाली, "तुजी भैन हाय. तू सांगशील तसा."

तो बहिणीजवळ बसला. मग उठून त्याने पडवी बघितली, दोरीवरच्या साड्या बघितल्या, अंगणातल्या बायका बघितल्या. त्यातल्या एकीचं पोर ताईंच्या नावाने हाका मारत रडत होतं. 

"इथंच करू," तो म्हणाला.

ओढ्याच्या काठी अग्नी दिला. परत येईपर्यंत उन्हं डोंगरामागे गेली होती. भाऊ पडवीच्या कडेला टेकला. निवृत्त झालेला, केस पिकलेला, माझ्याशीही मोजकंच बोलणारा हा माणूस. म्हातारी त्याच्याजवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "उजेड हाय तवर निघ, बाबा. पोरांना रस्त्यापावत धाडते. तुला काळोखाचा भ्याव वाटतो ना."

त्याने चमकून वर पाहिलं. "कोणी सांगितलं?"

"तीच सांगायची. चौकीवर असताना रातचा भायेर जायाचा झाला का तू तिला उठवायचास. हात सोडायचा नाहीस."

तो रडला. तोंडावर हात न धरता, लहान पोरासारखा. आम्ही कुणी त्याला थांबवलं नाही. थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं आणि म्हातारीकडे न बघता विचारलं, "आजच्या दिवस मी इथं राहिलो तर चालेल?"

म्हातारी वळली. आत जाऊन तिने चटई आणली आणि पडवीत अंथरली.

मी वाडीतल्या दोघांबरोबर निघाले. वळणावर मागे पाहिलं तेव्हा त्याने बूट काढून भिंतीशी नीट लावून ठेवले होते आणि म्हातारी त्याच्यासमोर ताट ठेवत होती.