वळणावर वाढणारी रेस

माझी मोटरसायकल खरं तर डोंगरात, दगडाधोंड्यांतून चालवायची. उंच, हलकी, जाड खाचांच्या टायरची. मी जनावरांची डॉक्टर, कराडला राहते. पाटणच्या वरच्या वाड्यांवर जावं लागतं म्हणून ती घेतली, पण चालते बहुतेक डांबरी रस्त्यावरच. तिची रेस पहिल्यापासून फार हळवी. मूठ जराशी पिळली तरी गाडी झेप घ्यायची, दचकून सोडली की मागचा माणूस पाठीवर आदळायचा. त्यात पाठ दुखते म्हणून मी नुकतंच उंच हँडल बसवून घेतलं होतं.

त्या दुपारी वरच्या एका वाडीतून मावशीचा फोन आला. सकाळपासून तिची म्हैस विताना अडली होती. तिथले डॉक्टर बाहेरगावी गेलेले, मुलगा फौजेत, घरात मावशी एकटी. आई तेव्हा माझ्याकडेच होती.

"मी बी येणार. ती घाबरली आसंल," म्हणत ती मागे बसलीसुद्धा.

पाटण सोडून चढ लागला. वरचं एक वळण इतकं अरुंद की हँडल पार डावीकडे वळवावं लागतं. समोर उजवीकडे दरी. मी हँडल वळवलं आणि इंजिन एकदम किंचाळलं. गाडी उसळून पलीकडच्या कडेला निघाली. मी क्लच दाबला, ब्रेक दाबला. पुढचं चाक मुरमात रुतून थांबलं. पुढे कठडा नव्हता. आईची नखं माझ्या कमरेत रुतली होती.

"येवढी रेस कशाला दिलीस गं?"

"मी मूठ हलवलीच नाही, आई."

आधी तिला उतरवलं, मग गाडी रेटत मागे आणली. न्यूट्रलमध्ये सुरू करून, मुठीला हात न लावता हँडल उजवीकडे फिरवलं. काही नाही. डावीकडे फिरवलं, तर इंजिन पुन्हा किंचाळलं. मग लक्षात आलं: नव्या हँडलच्या उंचीला रेसची केबल कमी पडत होती. वळवलं की ती ताणायची आणि रेस आपोआप वाढायची.

तेवढ्यात फोन वाजला.

"आगं, पाय दिसाय लागल्यात. वडू का?" मावशी रडत होती.

"ओढू नकोस! मी पोचतेच."

केबल हँडलला प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधलेली होती. बॅगेतल्या कात्रीने ती कापली, केबल जरा मोकळ्या वाटेने घेतली. मुठीजवळचं रबर सरकवून नट सैल केला आणि केबलला ढील दिली. आता मूठ आधी थोडी रिकामी फिरायची, मगच रेस वाढायची. नट आवळला. हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं. इंजिनाचा आवाज जिथल्या तिथे राहिला.

"तू वळणाच्या वर चालत ये, तिथं गाडीवर बस," मी म्हणाले.

आईने दरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "न्हाई. तिकडं म्हस अडलीया. चल."

चुकून मूठ पिळली जाऊ नये म्हणून मनगट खाली ठेवलं, दोन बोटं ब्रेकवर ठेवली आणि श्वास रोखून हँडल वळवलं. गाडी गुरगुरत, हळूहळू वर चढली. वाडी येईपर्यंत आईने माझी कंबर सोडली नाही.

गोठ्यात पाहिलं, तर पोटातल्या रेडकाची मान मागे वळलेली होती. ती सरळ करायला मला फार वेळ लागला. आईने म्हशीचं डोकं छातीशी धरून ठेवलं होतं. शेवटी रेडकू बाहेर आलं, निपचित. मी नाकातोंडातला चिकटा काढला, गवताने अंग खसाखसा चोळलं. बऱ्याच वेळाने ते शिंकलं.

मावशी तिथेच शेणात बसली आणि हसता हसता रडायला लागली. "वाटंत लय उशीर झाला न्हवं?" तिने आईला विचारलं.

"व्हय, गाडी जरा नीट करावी लागली," आई म्हणाली आणि हात धुवायला हौदाकडे गेली.