पाच हजार वॉट आणि दामूकाका

दामूकाका कुठलाही अँप्लिफायर विकायच्या आधी तो मासळीच्या तराजूत घालत. विठ्ठलवाडीला त्यांचं गाडीच्या म्युझिक सिस्टिमचं दुकान होतं आणि दाराशीच त्यांची बायको, हिराकाकी, मासळी घेऊन बसे. तराजू तिचा. त्यामुळे दुकानातल्या निम्म्या अँपना बोंबलाचा वास यायचा. "माज्या बोंबलांना करंट बसंल एक दिवस," काकी कुरकुरायची.

मी तिथे गेलो तो जुनी गाडी घेतल्याच्या मस्तीत. डिकीत दोन सबवूफर, म्हणजे दणदणीत ठोक्याचे मोठे स्पीकर, बसवून झालेले, ते चालवायला अँप हवा होता. मेव्हणीची हळद कोपर गावात, रविवारी दुपारी. 'डीजे कशाला, माझी गाडी आहे ना,' असं मी सासरी सांगून बसलेलो.

"काका, पाच हजार वॉटचा दाखवा."

"खोक्यावर पाच हजार, का पोटान पाच हजार?"

मी मांडणीवरच्या एका खोक्याकडे बोट दाखवलं.

"खोक्यावरचा नंबर म्हंजे पोरगी बघाया गेल्यावर सांगतात तो पगार. दर महिन्याला खरं हातान काय येतं? त्याला आरएमएस बोलतात. तो बघ."

मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सबवूफरच्या पाठीवरची चिठ्ठी वाचली. प्रत्येकी तीनशे वॉट, चार ओहम. "दोन एकत्र जोरले की दोन ओहम. त्यावर सहाशे देनारा अँप पायजे. कमी ताकदीचा अँप दमतो, आवाज फाटतो, नि फाटका आवाज सबवूफरला जालतो."

त्यांनी एक काळाकुट्ट अँप तराजूत टाकला. "चार किलो. खोका खोटं बोलल, वजन नाय. यो घे."

"याला लाइट नाहीत?"

"लाइट पायजे तर टूब लाव."

मला तो अपमान वाटला. मी तडक दुसरीकडून निळ्या दिव्यांचा, पाच हजार लिहिलेला अँप आणला. खारी बिस्किटांच्या पुड्याएवढा हलका.

हळदीला दुसऱ्याच गाण्यावर वास सुटला. "काहीतरी करपतंय," सासूबाई म्हणाल्या. बायका वड्यांच्या कढईकडे धावल्या. धूर मात्र माझ्या डिकीतून येत होता. सासूबाईंनी हातातलं हळदीचं पाणी सरळ डिकीत ओतलं. गाणं बंद, नाच बंद. मेव्हणी पिवळ्या तोंडाने रडवेली झालेली. "भावोजी, डीजे नको, असं तुम्हीच म्हणालेलात ना?" 

लाज गुंडाळून ठेवून काकांना फोन केला. अर्ध्या तासात ते स्कूटरवर हजर. चार किलोचा तो अँप काकीच्या मासळीच्या टोपलीत. डिकीत डोकावून त्यांनी विचारलं, "हलद कोनाची? नवरीची का सबवूफरची?"

एक सबवूफर जळला होता, दुसरा धडधाकट होता. काकांनी डिकी कोरडी पुसली, माझी बारीक वायर काढून बोटाएवढी जाड टाकली आणि म्हणाले, "एक हाय. एकावर नाचा."

पहिल्याच ठोक्याला मांडवातले स्टीलचे पेले थरथरले. चौथ्या गाण्याला सासूबाई पदर खोचून मध्ये उतरल्या. मांडवात बोंबलाचा वास दरवळत होता, पण कोणी त्याचं नाव काढलं नाही.

"काका, चुकलंच माझं."

"चुकलं कसलं? माजा पयला अँप पन लाइटवालाच व्हता. दोन दिवस चालला."

दोन वर्षांनी काकीचे गुडघे गेले आणि काकांनी दुकान बंद केलं. काकी आधीच मुलीकडे अलिबागला गेलेली. काकांना मी गाडीने सोडायला निघालो. दुसरा सबवूफरही आता नवा होता. त्यांच्यासाठी खास निवडून गाणी लावली. शिळफाट्याला त्यांनी हात पुढे करून सिस्टिम बंद केली.

"आवडली नाही?" माझा जीव एवढासा झाला.

"मस्त वाजतंय. पन एवरी वर्सं आवाजच इकला रं. दुकानान कोनाचं बोलनं धर आयकू नाय आलं. आता बंद ठेव नि तू बोल."

मी घसा खाकरला, आणि काकांनी काकीशी जमलेल्या लग्नापासून सुरुवात केली. पेण मागे पडलं तरी माझी पाळी आली नव्हती.