मारुतीभाऊ गाडी ओढत नाहीत

उर्स्याच्या मारुतीभाऊंवर मला जितक्या वेळा राग आला आहे, तितका सख्ख्या भावावरही आला नसेल. माणूस फोनवर धड बोलत नाही. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत ओरडायला सुरुवात. अपघात कुठे झालाय विचारलं की “आपल्या हितंच”, आणि हे ‘हितंच’ उर्स्यापासून खंडाळ्यापर्यंत कुठेही असू शकतं. मी अँब्युलन्सवरची डॉक्टर. मला किलोमीटरचा दगड लागतो. भाऊंना वडाचं झाड पुरतं, आणि ते वडाचं झाड रस्ता रुंद करताना चार वर्षांपूर्वीच तोडलेलं असतं.

वय बावन्न-त्रेपन्न, पोट सुटलेलं, कमरेला चाव्यांचा जुडगा आणि स्वतःच्या मालकीची एक जुनी पिवळी क्रेन. बंद पडलेल्या, उलटलेल्या, एकमेकींत घुसलेल्या गाड्या ओढून बाजूला करायच्या, हा धंदा. आठवडाभर क्रेन उर्स्यात असते, शनिवार-रविवारी कार्ले फाट्यावर. “घाट चढून आलं की मुंबईवाल्यांची गाडी बी तापती आन डोस्की बी,” असं ते म्हणतात. गाडीत कोणी अडकलं असेल तर लोक पोलिसांच्याही आधी मारुतीभाऊंना फोन लावतात.

पूर्वी त्यांची ख्याती होती ती झटपट ओढण्याची. हूक अडकवला, लिव्हर दाबला, पत्रा फाटला, माणूस बाहेर. दोन वर्षांपूर्वी उर्से फाट्याच्या अलीकडे खडीचा एक डंपर झाडावर आदळला. चालक निलेश, सव्वीस वर्षांचा. समोरचा पत्रा वाकून त्याच्या मांडीवर बसलेला. पोरगा शुद्धीत होता, बोलत होता, पाणी मागत होता. भाऊंनी चार मिनिटांत त्याला मोकळा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत निलेश गेला.

तेरावं झाल्यावर निलेशची आई मुक्ताबाई उर्स्याला आली. भाऊंना शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि त्यांच्या पाया पडली. “माज्या लेकाला तडफडत ठिवला न्हाई तुमी,” म्हणाली. कोणीतरी फोटो काढला. तो गावाच्या ग्रुपवर फिरला, भाऊंच्या क्रेनच्या काचेवरही चिकटला.

मागच्या वर्षी मी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये एक शिबिर घेतलं. अपघात झाला तर काय करावं, काय करू नये. साठ जणांना बोलावलं होतं, चौदा आले, त्यातले पाच जण समोसे खाऊन गेले. उरलेल्यांना मी सांगत होते की वाकलेला पत्रा पाय चेंगरतो हे खरं, पण फाटलेली रक्तवाहिनीही तोच दाबून धरतो. पत्रा उचलला की रक्ताला वाट मोकळी. मांडीतली मोठी वाहिनी फाटली असेल तर तीन-चार मिनिटांत सगळं आटोपतं. म्हणून आधी वर मांडीला करकचून बांधायचं, कधी बांधलं ती वेळ टिपायची, मगच ओढायचं. आम्ही शिकत होतो तेव्हा असं बांधणं म्हणजे पायावर पाणी सोडणं असंच डोक्यात भरवलं होतं. आता उलटं झालंय. तास-दीड तासात हॉस्पिटल गाठलं तर बांधल्यामुळे पाय सहसा जात नाही, न बांधल्यामुळे माणूस मात्र नक्की जातो.

हे ऐकता ऐकता मारुतीभाऊ उठले आणि निघून गेले. मी मनातल्या मनात त्यांना दोन शिव्या हासडल्या. समोसे खाऊन तरी जायचं, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अँब्युलन्सपाशी येऊन उभे.

“डॉक्टरबाई, मंग त्या पोराला म्या मारला व्हय?”

“तसं नाही म्हणता येणार, भाऊ.”

“मंग कसं म्हनायचं?”

रक्तदाब, आधीचा रक्तस्राव, आतला मार, असं काहीबाही मी पुटपुटले. आपलं शिक्षण आपल्याला अशा वेळी पळवाटा तेवढ्या पुरवतं, याची मला लाज वाटली. भाऊंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बांधायचं कसं ते दाखवा.” आमच्याकडचे बांधायचे तयार पट्टे मोजके, त्यामुळे मी त्यांना सुती पंचा आणि लोखंडी पाना घेऊन शिकवलं. पंच्याची रुंद घडी मांडीभोवती, गाठ, गाठीत पाना, आणि पाना पिळत जायचा. गुंडाळलेल्या ब्लँकेटवर त्यांनी तो तासभर पिळला. क्रेनच्या काचेवरचा फोटो त्याच दिवशी निघाला.

तेव्हापासून मारुतीभाऊ गाडी ओढत नाहीत. म्हणजे ओढतात, पण आधी आत घुसून बघतात, बांधायचं असेल तर बांधतात, मग ओढतात. आणि हे त्यांनी कोणाला समजावून सांगायचं म्हटलं, तर तो गुण त्यांच्यात नाहीच. ते नुसते “गप ऱ्हा” म्हणतात.

या जुलैतला एक रविवार. दुपारी एकला कार्ले फाट्यावरून त्यांचा फोन आला. पलीकडे आरडाओरडा, त्यात भाऊंचा आवाज. “बाई, टेम्पो. फाट्याच्या म्होरं. उभ्या कंटेनरला मागनं बसलाय. डायवरचा पाय गुडघ्यापासनं आत हाय.”

मी लोणावळ्यात होते, आणि लोणावळ्यात अख्खी मुंबई होती. सायरन चालू, दिवा चालू, आणि आम्ही जागच्या जागी. पुढच्या गाडीतली मंडळी छतातून डोकी बाहेर काढून धुक्याचे फोटो काढत होती. एका काकांनी आमची काच वाजवून विचारलं, “पुढे जाम आहे का हो?” मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“भाऊ, मला वेळ लागणार. तुम्हीच बांधा. फोन स्पीकरवर खिशात ठेवा.”

पुढचं सगळं मी ऐकलं. पाहिलं नाही. बाकीचं नंतर तिथल्या लोकांकडून कळलं.

टेम्पो परंदवडीच्या दोन भावांचा होता. आसपासच्या पॉलिहाऊसमधला गुलाब ते मुंबईच्या बाजाराला पोचवतात. धाकटा गणेश चालवत होता. थोरला उमेश शेजारी, त्याला खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. भाऊंनी क्रेन बंद केली, चावी कमरेला लावली आणि पंचा घेऊन खिडकीतून अर्धे आत शिरले. इथेच लोकांचं टाळकं फिरलं. क्रेन आहे, हूक आहे, पोरगा जिवाच्या आकांतानं ओरडतोय, आणि हा बाबा आत जाऊन पाय बांधत बसलाय.

“आरं वढ की! कशाची वाट बगतो?” हा उमेश.

“गप ऱ्हा.”

“भाव मरतोय माजा!”

“गप ऱ्हा म्हनलं ना!”

मी इकडून ओरडत होते की जमावाला सांगा, समजावून सांगा. खिशातला फोन कोण ऐकणार? मग धपाधप आवाज यायला लागले. पहिल्यांदा मला कळेना. मग भाऊंचं हुंकारणं ऐकू आलं आणि कळलं की मारताहेत. पाठीत, कमरेत, कोणीतरी पाय धरून बाहेर खेचतंय. एकानं कमरेची चावी हिसकली आणि तो क्रेनवर जाऊन बसला. त्याला लिव्हर चालवता येईना, हे त्या दिवशीचं आमचं एकमेव नशीब.

“भाऊ, बाहेर या! राहू दे!” मी म्हणाले. खरंच म्हणाले.

“दोनी हात पान्यावर हायेत, बाई,” ते म्हणाले. “सोडला तर उलगडंल. किती पिळू?”

“तो किंचाळेल तिथून पुढे अजून दोन वेढे.”

गणेश किंचाळला. भाऊंनी दोन वेढे दिले. पाना पंच्याच्या टोकानं बांधून टाकला आणि ओरडले, “टाइम लिवा!” मी हातमोज्यावर लिहिलं, एक वाजून बारा. मग ते बाहेर आले, क्रेनवरच्या शहाण्याला खाली उतरवलं आणि टेम्पोचं तोंड एका दमात उघडलं. त्या हिसक्यानं मागचा दरवाजा तुटल्यावर गुलाबांचे खोके रस्त्यावर आले, आणि काही लोक ते उचलून घेऊन गेले. हे मला नंतर पोलिसांनी सांगितलं.

मी पोचले तेव्हा गणेश पांढराफटक होता, पण जिवंत होता. रक्त थांबवायचं इंजेक्शन दिलं, पांघरूण घातलं, आणि तळेगावच्या बाजूच्या हॉस्पिटलला रक्त तयार ठेवायला सांगितलं. भाऊंकडे बघायलाही मला फुरसत झाली नाही.

हॉस्पिटलात नवीनच वैताग. हल्ली एवढ्या रक्तस्रावाच्या माणसाचं पूर्ण ऑपरेशन एका दमात करत नाहीत. चाळीस मिनिटांत रक्त थांबवायचं, जखम झाकायची, अतिदक्षता विभागात नेऊन अंग गरम करायचं, रक्त भरायचं, आणि दोन दिवसांनी उरलेलं काम. या पद्धतीनं कितीतरी माणसं वाचायला लागली. पण उमेशनं वॉर्डाबाहेर एकच गोंधळ घातला, “अर्धवट आपरेशन करून पोरगं भायेर आनलं!” तिसऱ्या दिवशी सर्जननी गुडघ्यावरून पाय काढला. तो पाय कंटेनरला धडक बसली त्याच क्षणी गेला होता, हे सर्जननी तीनदा सांगितलं. उमेशनं तीनदा मान डोलावली, आणि सरळ पोलिसांत जाऊन मारुतीभाऊंविरुद्ध अर्ज दिला. क्रेनवाल्यानं जाणूनबुजून उशीर केला म्हणून भावाचा पाय गेला.

मी उर्स्याला गेले तेव्हा भाऊ ओसरीत कॉटवर पडले होते. दोन बरगड्या मोडलेल्या, एक दात गेलेला, डोळा काळानिळा.

“उलट तक्रार करा,” मी म्हणाले. “मी साक्ष देते. फोनवर सगळं ऐकलंय मी.”

“कशापायी? क्रेन इकनार हाय म्या. कामशेतचा मानूस बगून गेला.”

“आणि उद्या कोणी अडकलं तर?”

“दुसरं कोन तरी वढंल. झटक्यात.”

मी तिथून अशी चिडून निघाले की चप्पल उलटसुलट घातली. माझ्या पट्ट्यातल्या क्रेनवाल्यांत ओढायच्या आधी बांधणारा हा एकच. तो गेला की पुन्हा टाळ्या, आणि टाळ्या थांबायच्या आत सगळं संपलेलं. आणि एवढा जीव खाऊन सांगूनही या भागात मला दुसरा माणूस तयार करता आला नाही, याचा राग भाऊंवर काढण्यात काही अर्थ नव्हता.

नवव्या दिवशी गणेशचा जबाब घ्यायला हवालदार आले. मी मुद्दाम थांबले. उमेश उशाशी उभा राहून सांगायला लागला, लिहा, किती उशीर केला ते लिहा.

“दादा, तू जरा गप बस,” गणेश म्हणाला. मग हवालदाराकडे वळला. “वढ म्हनून मीच बोंबलत हुतो. आईबहिनीवरनं शिव्या दिल्या त्येला. तो म्हनला, बोंबल, बोंबलतोयस तवर जित्ता हायस.” त्याला धाप लागली. “त्येचं त्वांड माज्या तोंडाम्होरं हुतं. रगात माज्या गालावर पडत हुतं. मला वाटलं माजंच हाय. मागनं कोन हानत हुतं ते बी दिसत हुतं मला, दादा.”

हवालदारानं पेन थांबवलं. उमेशनं त्याच संध्याकाळी अर्ज मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी उमेश मला म्हणाला, “तेजल मॅडम, तुमी संगं चला. येकट्याला जमनार न्हाई.” नको ती कामं माझ्याच वाट्याला. गेले.

भाऊ उठून बसले होते. उमेश ओसरीच्या पायरीशी घुटमळला. मग तो पायांकडे वाकला, तसे भाऊ खेकसले, “आरं, पाया काय पडतो! पाया पडून लय झालं. वर ये.”

तो वर आला. भाऊंनी कॉटखालून पंचा आणि पाना काढला, धोतर वर सरकवलं आणि स्वतःची मांडी पुढे केली.

“बांध.”

उमेश माझ्याकडे बघायला लागला. मी पंच्याकडे बोट दाखवलं. त्यानं घडी घातली, गाठ मारली, गाठीत पाना घातला आणि भीत भीत एक वेढा दिला.

“आसं न्हवं,” भाऊ म्हणाले. “त्या दिशी पाठीत घालताना लावला हुतास, तेवढा जोर लाव.”