जंतूंची स्वयंपाकीण

प्रयोगशाळेत तिला सगळे सूपवाली म्हणत. आधी ती दवाखान्याच्या स्वयंपाकघरात रोग्यांसाठी रांधायची. मग वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तिला मागून घेतलं. काम तेच, खाणारे वेगळे. मांसाचा रस काढायचा, चार वेळा गाळायचा आणि त्यावर जंतू पोसायचे. इतकी वर्षं रांधलं, पण नावं न ठेवता जेवणारे हेच पहिले, असं ती घरी सांगायची.

घरात धाकटी जाऊ होती, लाँड्रीत इस्त्री करणारी. दोन वर्षं तिच्या काखेत गळवं होत होती. एक बसतंय न बसतंय तोच दुसरं. हात उचलला की डोळ्यांत पाणी. असल्या दुखण्यावर गोळी तेव्हा निघालीच नव्हती. चिरायचं, पट्टी बांधायची आणि पुढच्याची वाट बघायची. लाँड्रीवाल्याने दुसरी बाई शोधायला घेतली होती.

शेवटी सूपवालीनेच विषय काढला. डॉक्टर रोग्याच्याच गळवातले जंतू वाढवत, गरम पाण्यात मारत आणि ते मेलेले जंतू त्यालाच थोडेथोडे टोचत, म्हणजे शरीर त्यांना ओळखून लढायला शिकतं. सगळ्यांनाच गुण येत नाही, हेही तिने लपवलं नाही.

जाऊ म्हणाली, "ज्यांनी छळलं, त्यांनाच परत घरात घेऊ?"

"मेलेले असतील गं. मी स्वतः मारणार आहे."

जाऊ तयार झाली. तिच्या पुवातले जंतू काचेच्या बशीत सोनेरी ठिपक्यांसारखे उठले. ते मिठाच्या पाण्यात कालवून सूपवालीने बाटली तासभर गरम पाण्यात ठेवली आणि थर्मामीटरवरची नजर हलू दिली नाही. नियमाप्रमाणे त्यातला एक थेंब नव्या बशीत टाकला. सगळे मेले असतील तर तिथे काहीच उगवायला नको.

दोन दिवसांनी तिथे एक ठिपका होता. जाऊ टोचून घ्यायला खाली बाकावर येऊन बसलेली. बशी धुऊन टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण सूपवालीने ती डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवली, आणि खाली जाऊन जाऊला परत पाठवलं. जाऊ आठवडाभर तिच्याशी धड बोलली नाही.

चुकलं कुठे, हे सूपवालीला भांडी घासताना उमगलं. दूध कितीही उकळलं तरी पातेल्याच्या काठाला लागलेलं कच्चंच राहतं. बाटलीची मानही पाण्याबाहेर होती. तिथले थेंब तापलेच नव्हते. तिने डॉक्टरांना सांगितलं, बाटलीचं तोंड नीट बंद करून ती आख्खी बुडवू या. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "बाई, हे मला सुचायला हवं होतं."

या खेपेला बशी कोरी राहिली. पहिल्या टोचणीने दंड सुजला, अंगात कणकण आली, आणि जाऊने मोठ्या जावेचा यथेच्छ उद्धार केला. तरी पुढच्या आठवड्यात ती आपणहून आली. तिसऱ्या महिन्यात उठलेलं गळू ज्वारीच्या दाण्याएवढं होतं, न चिरताच सुकलं. मग पावणेदोन वर्षं एकही नाही.

नंतर आलेल्या किती जणांना उपयोग झाला नाही, हेही सूपवाली जाणून होती. पण एक दिवस ती लाँड्रीत डोकावली, तेव्हा जाऊ दोन्ही हात उंच करून ओली चादर दोरीवर टाकत होती, आणि शेजारणीशी भांडतही होती. सूपवाली हाक न मारता थोडा वेळ तिथेच उभी राहिली.