सगळ्यांची नाडी बहात्तर

"देत न्हाय!"

"सोनाबाई, इथं हुकूम माझा चालतो!"

"चालू द्या. पण कासीमभाईंची नाडी तीस हाय. हे थेंब पोटात गेले तर तेवढी पण राहायची न्हाय!"

डिजिटॅलिस या दिलाच्या औषधाचा प्याला माझ्या हातात, समोर लालबुंद डॉक्टरसाहेब आणि मधल्या खाटेवर तेरखेड्याचे फटाकेवाले कासीमभाई. त्या थेंबांनी नाडी मंदावते, हे खुद्द साहेबांनीच मला शिकवलेलं!

"तीस? रजिस्टरात बहात्तर लिहिलंय!"

निजामाच्या अमलातला आमचा दवाखाना म्हणजे आठ खाटा अन् किश्श्यांचं पोतं. एक काढायला जावं तर चार बाहेर सांडतात. तर आधी ते बहात्तर सांगते.

*

नाडी लिहायचं काम कंपाउंडर गफूरमियाँचं. सकाळी लांबूनच नजर फिरवायची आणि सगळ्यांच्या नावापुढं बहात्तर लिहायचं, हा त्यांचा शिरस्ता. एकदा तीन नंबरचा पेशंट औषधाला कंटाळून आदल्या दिवशीच घरी पळाला. त्याचीही नाडी बहात्तर!

"मियाँ, खाट रिकामी हाय की!"

"मग खाटंची तब्येत ठीक हाय, बाई!"

*

मी दवाखान्यातली आया, शाळेची पायरी चढले नाही. अक्षरं शिकले बाटल्यांच्या लेबलांवरून. नाडी मोजायला साहेबांचं टाकून दिलेलं घड्याळ मिळालं. त्याचे दोन्ही मोठे काटे गळालेले, सेकंदाचा तेवढा धावायचा.

साहेबांनी थट्टेनं विचारलं, "काय बाई, किती वाजले?"

"ते ठाऊक न्हाय. पण तुमी बोलाय लागल्याला एक मिनिट झालं!"

*

कासीमभाई फटाक्याची वात वळता वळता कोसळायचे. ओठ निळे, डोळे पांढरे. एकदा लई लांबलं. घरच्यांनी हंबरडा फोडला, शेवटच्या आंघोळीसाठी चूल पेटवली. तेवढ्यात हे उठून बसले!

"पाणी का तापवता? आज जुम्म्याची आंघोळ हाय का?"

हसावं का रडावं! दवाखान्यात त्यांच्या बायकोनं माझा हात घट्ट धरला. "बाई, पुढच्या बारीला उठले न्हाईत तर?"

म्हणून मी पुरं मिनिट मोजलं. मनगटात तीस ठोके. आणि गळ्याची शीर? ती मात्र भरभर फडफडत होती!

*

पुढं हैदराबादला हातापायांना तारा लावून मशीनवर दिलाच्या ठोक्यांचा कागद काढला. साहेबांनी कासीमभाईंना समजावलं, "दिलाच्या वरच्या कप्प्यातून इशारा निघतो, त्याच चालीनं गळ्याची शीर फडफडते, पण तो खाली पोचत नाही. म्हणून खालचा कप्पा आपल्याच संथ चालीनं चालतो."

"म्हंजे मधी वात ओली हाय! मग सरळ सांगा की, साहेब!"

औषध बदललं. त्यांच्या हातचे फटाके मी पुढच्या दिवाळीला वाजताना ऐकले.

*

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी साहेबांनी हात पुढं केला. "आणा तो प्याला. मीच पाजतो!"

गफूरमियाँ रजिस्टर छातीशी धरून उभे. कासीमभाई एकदा साहेबांकडं बघत, एकदा माझ्याकडं. मी प्याला खिडकीत ठेवला, घड्याळ खाटेवर ठेवलं, कासीमभाईंचं मनगट धरलं आणि म्हटलं,

"साहेब, तुमी गळ्याची शीर मोजा, म्या मनगट मोजते, आकडे जुळले तर प्याला म्या सोता पाजते!"