जिल्हागीत

ज्या वर्षी पाऊस पडला नाही, त्याच वर्षी मला अँप्लिफायर मिळाला. लातूरला माझ्या मामाचं मंडप-लाउडस्पीकरचं दुकान होतं. दुष्काळात लग्नं घरच्या घरी उरकायला लागली, आणि जयंतीला वस्तीत फुकट लागायचे तेवढे दिवस सोडले तर मामाचे भोंगे आणि अँप्लिफायर दुकानात धूळ खात पडले. इलेक्ट्रिक गिटारही त्यानेच आणलेली, हैदराबादच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याला दोन भोंगे देऊन. ती भाड्याने द्यायचा त्याचा बेत होता. पण आमच्याकडच्या लग्नात गिटार मागणार कोण?

मी नांदेडला कॉलेजात होते, वडील रेल्वेत. रेल्वे कॉलनीत चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्या एक बाई राहायच्या. त्यांच्याकडे मी इंग्रजी पद्धतीनं पाच रेघांवर सूर लिहायला शिकले आणि कॉलेजातल्या सरांकडे राग. बाईंना वाटायचं, मी प्रार्थनेची तयारी करून राहिले. सरांना वाटायचं, सतारीची. आईला वाटायचं, बी.एड.ची. मी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही. सुट्टी लागली की एस.टी.नं लातूर गाठायचं, दुकानाचं शटर अर्धं ओढायचं आणि मनाला येईल ते रचायचं. लग्नं नसल्यामुळे बँडवालेही रिकामेच होते. दोन क्लॅरोनेटवाले आणि एक ट्रंपेटवाला चहाला म्हणून यायचे आणि वाजवत बसायचे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं पाहिजे होतं. शिक्के नवे, पाट्या नव्या, गाड्यांचे नंबर नवे. एका कार्यक्रमासाठी गाणंही नवं पाहिजे, असं कलेक्टर कचेरीतल्या एका साहेबांच्या मनात आलं. ते मामाकडे माइक ठरवायला आले होते. मामानं भाचीचं नाव पुढं केलं. साहेबांची अट एकच होती, गाण्यात सगळे तालुके आले पाहिजेत. मी म्हटलं, येतील. शब्द असणार नाहीत, हे मात्र मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

प्रत्येक तालुक्याला मी एकेक सुरावट दिली. औशाला ट्रंपेट, निलंग्याला दोन क्लॅरोनेट, लातूरला दाळमिलच्या घरघरीसारखी गिटारची जाड तार. मधेमधे लांब शांतता ठेवली, कारण एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना मधे माळच माळ लागतो. तालमीला साहेब येऊन बसले. बराच वेळ मान डोलावून मग त्यांनी हळूच विचारलं, "यात उदगीर कुठं आलं?"

"आत्ताच गेलं, साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी पुन्हा मान डोलावली. उदगीर आपल्याला ऐकू आलं नाही, हे बँडवाल्यांसमोर कबूल कसं करायचं?

कार्यक्रम संध्याकाळी, शाळेच्या मैदानावर होता. पुढं खुर्च्यांवर पुढारी आणि अधिकारी, मागं सतरंज्यांवर गाव. माइक मामाच्या हातात. त्यानं घसा साफ केला आणि आमचं काही ठरलेलं नसताना जाहीर केलं, "आता जिल्हागीत होईल. सर्वांनी उभं राहावं."

सगळे उभे राहिले. प्रमुख पाहुणे चांगले वजनदार होते, तेही उठले. त्यांना वाटलं असणार, दोन मिनिटांचं काम आहे. माझी रचना पाव तासाच्या पुढची होती.

पहिली शांतता आली तेव्हा लोकांना वाटलं, संपलं. खुर्च्या करकरल्या, मंडळी टेकली, आणि औसा सुरू झालं. पुन्हा सगळे उठले. दुसऱ्या शांततेत थोडेच बसले, तिसरीत कुणाचीच हिंमत झाली नाही. पाहुणे घाम पुसत उभे होते. त्यांच्याआधी बसायचं कुणी, म्हणून बाकीचेही उभे. मला हसू येऊन राहिलं होतं. मी मान खाली घालून तारांकडे बघत होते.

चौथी शांतता चालू असताना मैदानाबाहेर टँकरचा भोंगा वाजला. दोन सूर, एक लांब, एक आखूड. क्षणात मागच्या सतरंज्या रिकाम्या झाल्या. बाया घागरी आणायला घराकडे पळाल्या, त्यांच्या मागोमाग पुरुष. टँकरवाला भोंगा वाजवतच राहिला. आमच्यातल्या म्हाताऱ्या क्लॅरोनेटवाल्यानं डोळे मिटले आणि तेच दोन सूर उचलले. मी त्यांच्याखाली गिटार धरली. आम्ही लिहिलेलं सोडून दिलं. ते जे काही झालं ते दोन-तीन मिनिटंच चाललं असेल, पण तोवर मी रचलेल्या कशातच तेवढा जीव नव्हता. वाजवतानाच मला ते कळलं आणि हसू गेलं.

संपल्यावर पुढच्या खुर्च्यांतून टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मामाकडे बघितलं. तो म्हणाला, "लई फुगू नको. बसाया मिळालं म्हणून वाजवून राहिलेत."

दुसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. मामानं धुतलेला सदरा घातला, मी बोलणी खायची तयारी केली. साहेबांनी चहा मागवला. पाय दुखतात म्हणाले. पाहुणे काय काय बोलले तेही सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग म्हणाले, "शेवटी ते भोंग्याचं होतं, तेवढं राहू द्या. बाकीचं काढलं तरी चालेल."

मला राग आला. परतीच्या एस.टी.त अहमदपूर येईपर्यंत मी धुमसत होते. नांदेड आलं तोवर बाकीचं काढून टाकलं होतं.

पुढं तेच दोन सूर घेऊन मी चार तंतुवाद्यं आणि गिटार यांच्यासाठी एक छोटी रचना लिहिली. पुण्याच्या एका सभागृहात ती झाली आणि मला संगीतकार म्हणून बोलावणी यायला लागली. तिथल्या तालमीत एका व्हायोलिनवाल्यानं विचारलं, हे सूर कोणत्या भावानं वाजवायचे, करुण की भक्ती? मी म्हटलं, घाईनं, टँकर जायच्या आत. त्याला ते पटलं नाही. त्यानं आधी करुण वाजवलं, मग भक्तीनं वाजवलं. शेवटी मी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि उभ्यानं वाजवायला लावलं.